अंगाबाहेरच्या दुपारी

“तुम्हाला नार्कोलेप्सी आहे,” बारामतीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि पुण्याहून आलेल्या रिपोर्टचं पान त्यांनी माझ्याकडे वळवलं.

पानावर नुसत्या रेघोट्या होत्या. मी त्या समजल्यासारखं करून पाहिल्या. माझ्या शेजारी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ते नाव ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मीच कुठूनतरी घेऊन आले आहे.

मॅडमनी सोपं करून सांगितलं. नार्कोलेप्सी हा मेंदूचा आजार आहे. झोप आणि जाग यांच्यात एक दार असतं, ते माझ्या मेंदूत नीट लागत नाही. त्यामुळे दिवसाढवळ्या झोप आत घुसते आणि झोपेत अर्धी जाग शिल्लक राहते. हा आळस नाही, मनाचे खेळ नाहीत. मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो.

“झोपंचा आजार म्हंजी गोळ्या झोपायच्या का जागायच्या?” आत्यांनी विचारलं.

“जागं राहायच्या, आजी.”

“मंग बरं हाय. झोपायला तिला गोळी लागत न्हाय.”

मॅडम हसल्या. मीही हसले असते, पण हसले की माझे गुडघे गळतात, म्हणून ओठ दाबून धरले. खरं सांगायचं तर मला रडायला येत होतं. तेहतीस वर्षं मी झोपाळू होते, ऐदी होते, लोळणारी होते, आणि आता एका कागदावर छापून आलं होतं की मी आजारी आहे. आजारी असण्याचा इतका आनंद क्वचितच कुणाला झाला असेल.

तो आनंद पाच मिनिटं टिकला.

“आणि ते तुम्ही सांगता ना,” मॅडम म्हणाल्या, “अंगातून बाहेर पडून वर जाणं, तेही याच आजाराचा भाग आहे. गोळ्या सुरू झाल्या की कमी होत जाईल.”

त्यांनी ही चांगली बातमी म्हणून सांगितली. मी मान डोलावली, चिठ्ठी घेतली, खालच्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या आणि जीपमध्ये बसता बसता ठरवून टाकलं, की यातली एकही पोटात जाणार नाही.

असं का ठरवलं ते सांगायला मागे जावं लागेल. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या झोपेनं धरलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मॅडमनी झोपेची डायरी ठेवायला सांगितली होती, किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात. मी दोन ओळींच्या जागी दोन पानं भरायचे. त्यातूनच हे झालं.

माझं माहेर सुप्याचं. बारावीला इतिहासाच्या पेपरात मी झोपले. पेनाची एक रेघ उत्तरपत्रिकेवरून पार खालपर्यंत गेली होती. लग्नाआधी दोन वर्षं बारामतीच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कंपनीत शिलाईला होते. तिथं मशीन चालू, पाय चालू, कापड पुढं सरकतंय आणि मी झोपेत. याला ऑटोमॅटिक बिहेवियर म्हणतात, म्हणजे माणूस झोपलेला आणि हात मात्र सवयीनं काम करत राहतात. एकदा सुई नखातून आरपार गेली तेव्हा जाग आली. सुपरवायझर बाई म्हणाली, “रात्री घरी काय करतीस गं?” सगळ्याजणी हसल्या. मी त्या महिन्यात काम सोडलं.

लग्न होऊन भवानीनगरच्या बाजूला आले. मिस्टर कारखान्यावर फिटर आहेत. त्यांच्या पाळ्यांमुळे घरात अवेळी झोपणं कुणाला नवीन नव्हतं, त्यामुळे माझं झोपणं काही वर्षं खपून गेलं. मी शाळेचे गणवेश घरी शिवायला घेतले. लेक झाली, ओवी. दुपारी जेवणं उरकली की मी कॉटवर पडायचे आणि मेल्यासारखी झोपायचे. झोपेत कधी अंगणातून आत्यांचा आवाज यायचा, “झोपलीया...” पुढचं ऐकू यायचं नाही. शेजारच्या शालन काकूंपुढं माझं गाऱ्हाणं चाललं असणार, असं मी धरून चालले होते. सून झाल्यावर एवढं धरूनच चालायचं असतं.

मग आई गेली.

चार वर्षं झाली. आईला न्यूमोनिया झाला होता, म्हणजे फुप्फुसाला संसर्ग. बारामतीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. दुपारी भाऊ औषधं आणायला खाली गेला आणि मी आईचा हात धरून खुर्चीत बसले. नर्सनं खांदा हलवून मला उठवलं, तेव्हा आईचा हात माझ्या हातातच होता आणि आई नव्हती.

भाऊ दहाव्याला फक्त एवढंच म्हणाला, “तू तर हुतीस की तितं.”

आई जाताना काही बोलली का, पाणी मागितलं का, मला हाक मारली का, हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते झोपलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मिस्टरांना नाही, आत्यांना तर नाहीच.

स्वप्नं मला लहानपणापासून भरमसाट पडायची. आई गेल्यावर त्यांत एक नवीन गोष्ट सुरू झाली. स्वप्नात मी सुप्याच्या घरी होते. मे महिन्याचं ऊन आणि आमची विहीर काठोकाठ भरलेली. मी मनात म्हटलं, सुप्यात, मे महिन्यात, विहिरीला पाणी? शक्यच नाही. हे स्वप्न आहे. आणि एवढं कळूनही मी जागी झाले नाही.

याला लुसिड ड्रीम म्हणतात, म्हणजे स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे हे कळणं. ते कुणालाही पडू शकतं, त्यात आजार काही नाही. पण माझ्यासारख्यांना ते वरचेवर पडतं, असं मॅडम म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, आपल्याला काहीतरी देणगी मिळाली. दोन-तीन महिन्यांत मी तरबेज झाले. स्वप्नात वाट बदलायला शिकले, पिकावरून उडायला शिकले आणि आईला बोलवायला शिकले.

बोलावलं की आई यायची, चुलीपुढं बसायची. मी विचारायचे, “आई, रागावलीस का गं?” ती म्हणायची, “न्हाय गं बाळा.” पहिल्यांदा मी इतकी रडले की उशी भिजली. पण आठ-दहा वेळा झाल्यावर लक्षात आलं, मला जे ऐकायचं असतं तेच ती बोलते. मी मनात आणलं की हसते, मनात आणलं की पदरानं तोंड पुसते. विचारणारी मी आणि उत्तर देणारीही मीच. मनातले मांडे कितीही खाल्ले तरी पोट रिकामंच राहतं, तशी त्या माफीची गत होती.

त्याच वर्षी एका दुपारी जाग आली आणि अंग हलेना. कानात गिरणीसारखी घरघर, छातीवर वजन. स्लीप पॅरालिसिस, म्हणजे मेंदू जागा झालेला आणि शरीर अजून झोपेच्या कुलपात. हे आधीही व्हायचं आणि मी घाबरून मारुतीचं नाव घ्यायचे. त्या दिवशी मी स्वप्नात करायचे तसं केलं. घाबरणं सोडून दिलं आणि कूस बदलावी तशी नुसत्या मनानं वळले. वळले ती थेट वरच गेले.

मी छताच्या पत्र्याखाली होते. खाली कॉट, कॉटवर मी. भांग विस्कटलेला, एक हात बाहेर लोंबलेला. भिंतीवरचं घड्याळ, शिलाई मशीन, गणवेशांची चळत, कपाटावरची पेटी, सगळं जिथल्या तिथं. स्वप्नात काहीतरी वेडंवाकडं असतंच, इथं काहीच नव्हतं.

आउट ऑफ बॉडी एक्सपीरियन्स, शरीराबाहेर असल्याचा अनुभव, हे नाव मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की स्वप्न खोटं होतं, पण हे खरं आहे. आणि हे खरं असेल तर इथून मी सुप्याला जाईन. तिथं आई भेटली तर ती खरी आई असेल, आणि तिचं उत्तर तिचं असेल.

मग दुपार हेच माझं काम झालं. आधी स्वप्नात शिरायचं, स्वप्न आहे हे ओळखायचं, मग ते हळूच सोडून देऊन अंगाबाहेर पडायचं. दारातून निघायचं, उसाच्या कडेकडेनं कालव्यापर्यंत जायचं. कालवा आला की पोटातून ओढ बसायची आणि मी पुन्हा कॉटवर. किती वेळा गेले, पण त्या पाण्यापलीकडं एकदाही जाता आलं नाही. उठल्यावर मी चिडायचे, ओवीवर, भांड्यांवर, सापडेल त्याच्यावर. आज नाही तर उद्या पलीकडं जाईन, एवढंच डोक्यात असायचं.

आता वाऱ्याची गंमत सांगते. आज गंमत म्हणते, तेव्हा त्यात दीड वर्ष गेलं.

ओवीनं एकदा शाळेतल्या बाईंची नक्कल केली आणि मी खो खो हसले. हसता हसता गुडघे गळाले, मान पडली, जबडा लोंबला आणि मी जमिनीवर. शुद्ध पूर्ण होती, सगळं ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. हसू, राग, आनंद जोरात आला की अंगातली ताकद थोडा वेळ निघून जाते. पण हे आजचं शहाणपण. त्या दिवशी शालन काकू दारात आल्या, माझं तोंड पाहिलं आणि ओरडल्या, “अगं बया, पोरीच्या अंगावरनं वारं गेलं!”

अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा. मिस्टरांनी जीप मागवून बारामती गाठली आणि डॉक्टरांना तेच सांगितलं. वारं गेलं म्हटल्यावर त्यांनी लकव्याच्या तपासण्या केल्या. आधी सीटी स्कॅन, मग एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या मशीनमधून मेंदूचे फोटो. त्या मशीनच्या ठोक्यांमध्ये मी गाढ झोपले. मेंदू छान होता. रिपोर्ट नॉर्मल.

नॉर्मल म्हटल्यावर मिस्टरांच्या मावशीनं शब्दाचा अर्थ फिरवला. “अंगावरनं गेलं न्हाय, अंगात आलंय. देवाचं वारं हाय ते.” अंगात वारं येणं म्हणजे देव संचारणं. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती आणि देवाचं वारंही होतं, त्यामुळे मावशीचं सगळ्यांना पटलं. शब्द तोच, फक्त अंगावरनं ऐवजी अंगात झालं, आणि माझी रवानगी दवाखान्यातून देव्हाऱ्यापुढं झाली. त्यात मी मावशीपाशी बोलून बसले होते की मला वरून सगळं दिसतं. झालं. दर रविवारी दोन-चार बायका हळदीकुंकू घेऊन यायला लागल्या. एकीची शेळी हरवली होती, ती कुठं आहे ते बघायचं होतं. माझी हद्द कालव्यापर्यंतच आहे हे तिला कसं सांगणार? शेळी आपली आपण परत आली आणि नारळ मला मिळाला.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. जिला जन्मभर झोपाळू म्हटलं, तिच्या झोपेच्या लोक पाया पडत होते. आत्या मात्र त्या बायकांना फार वेळ बसू द्यायच्या नाहीत. सुनेचा मान सोसत नाही, असं मी मनात म्हटलं.

तिसऱ्यांदा पडले तेव्हा आत्यांनीच मला उचलून बारामतीला नेलं. “देव असंल तर सुईला भ्यायचा न्हाय,” म्हणाल्या. यावेळी मॅडम भेटल्या, मेंदूविकारतज्ज्ञ. मी वारं म्हणायला लागले तसा त्यांनी हात वर केला. “नाव सांगू नका. काय होतं ते सांगा.” मी सांगत गेले. मग त्यांनी विचारलं, “पडता तेव्हा हसत असता का?” दीड वर्षात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्यांनी पुण्याला झोपेच्या तपासणीला पाठवलं. पहिल्या रात्री पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे डोक्याला, डोळ्यांजवळ, छातीला वायरी लावून झोपेची नोंद. दुसऱ्या दिवशी एमएसएलटी. यात दिवसभर दर दोन तासांनी, असं पाचदा, खोलीत अंधार करून झोपायला सांगतात आणि किती लवकर झोप लागते ते बघतात. आयुष्यात पहिल्यांदाच भर दिवसा कुणीतरी मला “झोपा” म्हणत होतं. मी पाचही वेळा पटकन झोपले आणि दर वेळी थेट स्वप्नात पोचले. बाकीच्या माणसांना स्वप्नापर्यंत जायला बराच वेळ लागतो. मला दारातच स्वप्न. बाहेरच्या बाकावर आत्या बसून होत्या, आणि नर्सला सारख्या विचारत होत्या, “पोरीला मधीच कुणी हलवत न्हाय न्हवं?” नर्सनं मला ते हसत सांगितलं. मीही हसण्यावारी नेलं.

तर गोळ्या घरी आल्या. मी रोज एक गोळी काढायचे आणि मोरीत टाकायचे. दुपारी कालव्यापर्यंत जायचे. असे तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात ओवी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता तिनं काहीतरी मजेशीर सांगितलं. माझ्या हातात आमटीचं पातेलं होतं. हसू फुटलं, हात गळाले, पातेलं सुटलं आणि आमटी ओवीच्या पावलावर. मी जमिनीवर पडून तिचं रडणं ऐकत होते आणि माझं बोटसुद्धा हलत नव्हतं. आत्यांनी पोर उचलली, नळाखाली पाय धरला. फोड आले, आठ-दहा दिवसांत बरेही झाले. पण मी पडून जे ऐकलं ते मला अजून ऐकू येतं. माझं माणूस हाताच्या अंतरावर होतं, आणि मी पुन्हा एकदा नव्हते.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि मी मॅडमसमोर बसलो.

“गोळ्या घेता ना?”

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. मग सगळं सांगितलं. आईचा हात, नर्स, विहीर, पत्रा, कालवा. आत्या ऐकत होत्या, तरी सांगितलं. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी नाही.

“वरून तुम्हाला काय काय दिसतं, ते मला सगळं सांगा,” त्या म्हणाल्या. “काही सोडू नका.”

मी सांगितलं. कॉट, मी, घड्याळ, मशीन, चळत, पेटी.

“खोलीत आणखी कुणी असतं?”

“नाही. मी एकटीच.”

आत्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “आन् मी?”

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“मी कुठं असती मंग? मी तर रोज तुज्या उशाशी बसलेली असती.”

मला कळेना त्या काय म्हणतात.

“तुजी आई गेली तवापस्नं तू झोपंत रडायचीस,” आत्या म्हणाल्या. “तवाच मला कळलं, हिचा जीव फिरायला जातुया. जीव भायेर गेला की अंग हलवू न्हाय, कुणाला वलांडू द्यू न्हाय. न्हायतर येताना त्येला जागा घावत न्हाय. रानात मेंढरं बसली की आमी राखण करायचो, तशी बसती. कुणी आलं की पयल्यापस्नंच भायेर जाऊन सांगती, झोपलीया, वरडू नगा.”

“मग तुम्ही मला कधीच कशा दिसला नाहीत?”

“तू हलाय लागलीस की मी उठून जाती. जागं व्हताना म्होरं मानूस असलं की जीव बुजतो.”

कॉटच्या उशाशी जमिनीवर मला कायम शेंगांची टरफलं सापडायची. मी ओवीला रागवायचे, आणि ती बिचारी रडून सांगायची की मी नाही खाल्ल्या.

मॅडम मग हळू आवाजात म्हणाल्या, “आपल्या अंगाचा आणि घराचा एक नकाशा मेंदूत असतो. स्वप्न आणि जाग एकात एक मिसळली की तो नकाशा जागेवरून सरकतो, आणि आपण वर आहोत असं वाटतं. तुम्हाला खोली दिसत नव्हती. मेंदू ती आठवणीतून काढत होता. आजी तिथं बसतात हे त्याला माहीतच नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना काढलं नाही.”

मी पेटीसुद्धा पाहिली होती. पेटीवरची धूळ पाहिली होती. आणि जे माणूस तीन-चार वर्षं रोज दुपारी माझ्या डोक्याशी हात-दीड हातावर बसत होतं, ते मी एकदाही पाहिलं नाही.

मला लाज वाटली. मग फार वाईट वाटलं, कारण त्याच क्षणी कालव्यापलीकडचं सुपंही गेलं. आई तिथं नव्हती. तिथं कुणीच नव्हतं, मीच होते.

“अजून एक,” मॅडम म्हणाल्या. “आई गेल्या तेव्हाची ती झोप तुम्ही घेतली नव्हती. ती आजारानं आणली होती. हे लक्षात ठेवा.”

बारामती स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. आत्यांनी चहा घेतला, मला दिला. मी म्हटलं, “आत्या, आई एकटीच गेली हो.”

“एकटी कशी?” आत्या बशीत फुंकर घालत म्हणाल्या. “तू हुतीस की तितं. झोपलीस म्हून काय उठून गेलीस व्हय?”

भावाचेच शब्द होते, पण आत्यांच्या तोंडून ते टोचले नाहीत. तरी तेव्हा मला ते पटलं नाही. समजूत घालायला म्हणतायत, असंच वाटलं.

त्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या. सकाळची मोडाफिनिल, जागं राहण्यासाठी. दुसरी, हसताना पाय गळू नयेत म्हणून. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, तोंड कोरडं पडलं, मग सवय झाली. दुपारी ठरवून वीस मिनिटं झोपायचं, गजर लावून. ती झोपसुद्धा औषधातच धरतात. गाडी चालवायची नाही, एकटीनं कढई उतरवायची नाही, हे अजून आहे. भावाला फोन करून आजाराचं नाव सांगितलं. तो मग म्हणाला, “आधी का न्हाय सांगितलंस, ताई?” मला तरी कुठं माहीत होतं!

तुमच्यापैकी कुणाला दिवसा झोप आवरत नसेल, हसताना हातातली वस्तू पडत असेल, तर डॉक्टरांना नेमकं तेवढंच सांगा, आपण ठेवलेलं नाव सांगू नका. आम्ही एका शब्दापायी दीड वर्ष घालवलं. आणि ज्यांना अंगाबाहेरचं दिसतं त्यांनी घाबरू नये. अंग लॉक झालं तर ओढाताण करायची नाही, शांतपणे श्वास घ्यायचा आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा. सुटतं. मात्र तिथं राहायला जाऊ नका. मी गेले होते, म्हणून सांगते.

गोळ्या सुरू झाल्यावर अंगाबाहेर जाणं जवळजवळ थांबलं. मला त्याची आठवण येत नाही असं नाही. हलकं वाटायचं तिथं.

मागच्या महिन्यात एकदा पुन्हा झालं. बऱ्याच दिवसांनी घरघर ऐकू आली आणि मी वर गेले. आधी उशाशी पाहिलं. आत्या अजूनही रोज बसतात, पण जमीन रिकामी होती. म्हणजे हे स्वप्नच. दाराकडं मी गेलेच नाही. अंगठा हलवला, पुन्हा हलवला, आणि डोळे उघडले.

मान वळवली तर उशाशी आत्या होत्या. आदल्या दिवशी भुईमूग उपटून थकल्या असतील, बसल्या बसल्याच त्यांना डुलकी लागली होती. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड जरासं उघडं, मांडीवर शेंगा. एक हात कॉटच्या कडेवर होता, माझ्या केसांना लागून. त्यांना माझी जाग कळली नव्हती. एरवी उठून गेल्या असत्या.

मी हलले नाही. तशीच पडून त्यांच्याकडे बघत राहिले. आई गेली तेव्हा तिनं मान वळवली असेल, तर तिला हेच दिसलं असेल. खुर्चीत झोपलेली तिची मुलगी, हात हातात. इतकी वर्षं मी तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलंच नव्हतं. त्या दुपारी ठेवलं. माझ्यापाशी माझं माणूस झोपलेलं होतं, आणि मला अजिबात एकटं वाटत नव्हतं.